विश्रांतीचे सहा आठवडे

सीझन संपला त्या दिवशी हॉकी संघाच्या फिजिओबाईंनी पाखरूची नडगी दाबून पाहिली आणि दम भरला, "हाडाला बारीक चीर आहे. सहा आठवडे धावायचं नाही. झोपा काढ, आईला छळ, पण स्टिकला हात लावलास तर याद राख."

पाखरू आघाडीला खेळायचा, बचावपटूंच्या हातावर तुरी देऊन निसटायचा, म्हणून हे नाव. गोलकीपरला सगळे भिंत म्हणत. दोघं आठ वर्षं दौऱ्यावर एकाच खोलीत राहिलेले.

भिंतीलाही आरामच सांगितला होता. पण क्लबने बावीस वर्षांचा नवा गोलकीपर घेतल्याची बातमी आली आणि त्याची झोप उडाली. दहाव्या दिवशी त्याने पाखरूला फोन केला.

"नुसता उभा राहून चेंडू मार. धावू नकोस."

"बाईंना कळलं तर सोलून काढतील."

"सुट्टीत मैदानावर कुत्रं तरी फिरकतं का?"

पाखरू आला. चार दिवस तो खरंच जागेवरून मारत होता. पाचव्या दिवशी भिंत म्हणाला, "असे चेंडू माझी आजीही अडवेल. जरा पळत ये की!" पाखरू हसला आणि पळत आला. मग रोजच पळू लागला. तो मधूनच नडगी चोळायचा. भिंतीला दिसायचं. पण तो आपल्या पॅडचे पट्टे आवळत दुसरीकडे बघायचा.

तिसऱ्या आठवड्यात वळताना पाखरू कोसळला. हाड मोडल्याचा आवाज भिंतीला गोलमध्ये उभ्या उभ्या ऐकू आला. धावत जाऊन त्याने पाखरूला पाठुंगळी घेतलं.

"विचारलं तर सांगायचं, मी जिन्यात घसरलो," पाखरू दात आवळून म्हणाला. "दोघांनी कशाला मरायचं?"

नाही म्हणायला हवं होतं. भिंत गप्प बसला.

दोन ऑपरेशनं झाली. क्लबने पाखरूचा करार वाढवला नाही. घरातला निष्काळजीपणा, असं पत्रात लिहिलं होतं. भिंतीने मात्र जागा राखली, अख्खा सीझन खेळला. पाखरूच्या घरी गेला की त्याची आई म्हणायची, "तू उचलून नेलंस म्हणून पोरगं उभं तरी राहिलं." भिंत चहा अर्धा टाकून उठायचा. मग त्याचं जाणंच कमी झालं.

पुढची सुट्टी लागली तेव्हा त्याने आधी फिजिओबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ टेबलावरची पट्टी गुंडाळली, उलगडली. "तेव्हा बोलला असतास, तर निदान पत्रात खोटं गेलं नसतं. आता फाईल बंद झाली रे."

तिथून तो पाखरूच्या घरी गेला. पाखरू बाहेर गेला होता. आई मटार सोलत बसली होती. त्याने उभ्यानेच सांगितलं. तिचे हात थांबले.

"त्याची हौस त्याला नडली असेल, तो काही तान्हा नव्हता," ती म्हणाली. "पण वर्षभर मला तुझे आभार मानू दिलेस, ते का रे?"

तिने बस म्हटलं नाही, जा म्हणूनही सांगितलं नाही. थोड्या वेळाने तो दार ओढून जिना उतरला. खाली पाखरू येताना दिसला, किंचित लंगडत, हात हलवत. "काय रे, आलास आणि चाललासही?"

"आईला सांगितलं," भिंत म्हणाला.

पाखरूचा हात हळूहळू खाली आला. "मला विचारायचं तरी," तो म्हणाला, आणि कठडा धरून एकेक पायरी वर जाऊ लागला.