धाकट्याचा तांबडा

"हे नळाचं पाणी आहे, बाई! तुझ्या सालपटांचा काढा करायला नाही आणलेलं!"

थोरलीने रिकाम्या टाकीवर तांब्या ठणठण वाजवला. नळ दोन दिवसांआड तासभर यायचा, तोही करंगळीएवढ्या धारेने. आज सकाळी भरलेली टाकी दुपार व्हायच्या आत धाकटीच्या पातेल्यात आणि साबणाच्या घमेल्यात रिती झाली होती.

"ऐकतेयस का? का भिंतीशी बोलतेय मी?"

"ऐकतेय, जाऊबाई."

"मग काही वाटतं की नाही?"

धाकटीने खरंच थोडा विचार केला. "नाही वाटत," ती म्हणाली.

थोरलीने कपाळाला हात लावला. भांडायला समोरच्याने दोन शब्द तरी टाकावे लागतात. सात महिने ती या बाईशी एकटीच भांडत होती आणि आता तिलाही त्याचा कंटाळा आला होता.

सात महिन्यांपूर्वी धाकटीचा नवरा मेंढ्या घेऊन माळावर गेला तो खाटेवरूनच घरी आला. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी सगळं संपलं. सगळं गाव रडलं. थोरली तर ऊर बडवून रडली, कारण दीर तिने अंगाखांद्यावर वाढवलेला. धाकटीच्या डोळ्यांतून मात्र टिपूस निघालं नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडली की मोकळी होईल. मग महिना गेला, दोन गेले, आणि त्याच बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. धाकटीला ते कळत होतं, पण कळून पुढे काही होत नव्हतं. जेवण बेचव लागत होतं म्हणावं तर तसंही नाही, ते कसलंच लागत नव्हतं. कुणीतरी अंगातला दिवा मालवून निघून गेल्यासारखं झालं होतं.

शाळेच्या खोलीत लोकरकाम शिकवायला एक बाई आल्या, तेव्हा थोरलीनेच हिला ढकलून पाठवलं. घरातून चार दिवस हलेल तरी, एवढाच तिचा हिशेब. तिथे लोकर थापायला शिकवत. पिंजलेली लोकर चटईवर आडवी-उभी पसरायची, वर गरम साबणपाणी शिंपडायचं, तळव्यांनी चोळायचं, मग चटई गुंडाळून कोपरापर्यंतच्या हातांनी लाटत राहायचं. सुईदोरा नाही, माग नाही. केसात केस अडकतो आणि जाड कापडासारखा तुकडा तयार होतो. बाईंनी बजावलं होतं, एकदा लोकर जमली की उकलत नाही, तेव्हा नीट बघून मांडा. चार दिवस संपले, बाई गेल्या, बाकीच्या बायका आपापल्या कामाला लागल्या. धाकटी मात्र थापत राहिली. व्यापारी जाडीभरडी म्हणून नाकारायचा ती लोकर घरात पोत्यांनी पडून होतीच.

मग रंगांचं वेड लागलं. कांद्याची सालं दारोदार मागून आणली, त्यांचा पिवळाधमक रंग निघाला. डाळिंबाची सालं लोखंडी कढईत उकळली तर काळपट करडा. झेंडूची फुलं, बाभळीची साल, अक्रोडाची टरफलं, जे हाती लागेल ते तुरटी घालून शिजायला जाई. तळहाताएवढे रंगीत तुकडे मेंढवाड्याच्या कुडाला ओळीने टांगलेले असत. गाव तिला 'रंगारीण' म्हणू लागलं. वाण्याने तर विचारलं, "रंगारीण, माझ्या पांढऱ्या मिशीला काही निघेल का?" ती म्हणाली, "तुरटी चावून बघा." लोक हसले. ती हसली नाही, कारण तिने विनोद केलाच नव्हता.

पण हे पिवळे-करडे सगळे वाटेवरचे. तिला हवा होता तो तांबडा.

इथे प्रत्येक कळपाची खूण असते, मेंढीच्या पाठीवर रंगाचा ठिपका. बाकीचे दुकानातला रंग फासत. धाकटा मात्र स्वतः रंग करायचा. बांधावरची लाल मुळी पहारीने खणायची, ठेचायची आणि माळावरच मंद आचेवर शिजवायची. त्याचा ठिपका मैलावरून ओळखू येई. तापल्या विटेसारखा, आत किंचित काळोख असलेला. कसा करतोस म्हणून विचारलं की हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "या हाताला रंग आहे." बायकोलाही तेच सांगायचा. तिला त्याचा राग यायचा आणि हातही आवडायचा.

तो गेल्यावर लोकर कातरली गेली आणि त्याच्या खुणा कातरणीबरोबर गेल्या. थोरल्या भावाने दुकानातला रंग आणून नव्या खुणा केल्या. धाकटीने कातरणीआधी त्या जुन्या खुणेचा एक पुंजका कापून बटणांच्या डबीत ठेवला होता. रोज तो काढून ती नव्या रंगाशी ताडून बघे. मुळी तीच, तुरटी तीच, आच मंद. रंग मात्र कधी गाजराचा, कधी चहाच्या चोथ्याचा. सतरा वेळा झालं. आणि रोज हाताळून पुंजका झिजत चालला होता. आता बोटाच्या पेराएवढा उरला होता. तो संपायच्या आत रंग सापडला नाही तर ताडायला जगात काहीच उरणार नव्हतं. एवढ्या एका गोष्टीची तिला भीती वाटे, आणि ती भीती तेवढी तिला स्पष्ट जाणवायची.

"उद्यापासून टाकीला हात लावायचा नाही," थोरली म्हणाली. "हवं तर त्या माळावरच्या विहिरीचं आणून देते. मेंढ्या पितात तेच तुझ्या सालपटांना पुष्कळ झालं."

आणि दिलंही आणून. बोलल्याप्रमाणे वागायची तिची खोडच होती. कोरडा वारा अंगावर घेत, भेगाळल्या रानातून दोन कळश्या आणून तिने धाडकन पुढ्यात ठेवल्या. ते पाणी जड. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, भांड्यावर पांढरा थर बसे. नळ आल्यापासून माणसांपैकी कुणी त्याला तोंड लावत नव्हतं.

धाकटीने मुळी त्यात भिजत घातली. सकाळी तुरटी आणि लोकर घालून पातेलं मंद आचेवर ठेवलं. दुपारी काठीने लोकर वर उचलली आणि ती तशीच धरून उभी राहिली.

"काय झालं?" थोरलीने विचारलं.

"वाळू दे," धाकटी म्हणाली. "ओला रंग खोटा असतो."

रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत लोकर वाळली. धाकटीने ती पिंजली, चटईवर पसरली, डबी उघडली आणि पुंजका वर ठेवून पाहिला. मग साबणपाणी तापवायला चुलीकडे गेली.

थोरली तेवढ्यात आली. चटईवर धाकट्याचा तांबडा होता. तिने पदर खोचला, तापलेल्या पातेल्यातलं तांब्याभर पाणी लोकरीवर शिंपडलं आणि चोळायला बसली. सात महिन्यांत पहिल्यांदा. धाकटी समोर बसली. दोघींनी मिळून चटई गुंडाळली आणि इकडून तिकडे लाटत राहिल्या.

"हाताला रंग आहे म्हणे," थोरली मधेच म्हणाली. "लबाड! विहिरीला रंग होता."

"पुंजका कुठे ठेवलात?"

"कसला पुंजका?"

धाकटीने डबी पाहिली. उघडी होती, रिकामी होती. तिने चटई उलगडली. तुकडा छान जमला होता, घट्ट, एकसारखा. ती त्यावर वाकली. कडेने, मधे, उलटा करून, उजेडाला धरून बोटांनी चाचपत राहिली. कुठेच वेगळा डाग नव्हता.

थोरलीने रिकामी डबी उचलली. "त्याचा होता? बाई, मी बघितलंच नाही गं! सगळं एकच तर दिसत होतं."

"हो," धाकटी म्हणाली. "एकच दिसतंय."

तिने तुकडा उचलला आणि साबण काढायला कढत पाण्याच्या घमेल्यात बुडवला, नेहमीसारखे मनगटापर्यंत हात घालून. आणि किंचाळून मागे सरली.

"आई गं! केवढं गरम आहे हे!"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते थांबेचना. थोरलीने तिचे लालबुंद हात आपल्या ओल्या पदरात धरले आणि फुंकर घालत बसली.

"रोज एवढंच असतं गं," ती म्हणाली. "रोज एवढंच."