मांडीवरची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. फळी म्हटल्यावर तुमचा चेहरा पडला असेल. पण जरा थांबा. माझ्या अंगावर वेलीची नक्षी आहे, वेलीखाली एक ओळ कोरलेली आहे, आणि माझ्याशिवाय आमच्या घरात कधी काळी पानसुद्धा वाचलं जात नसे. तेव्हा थोडा तोरा मिरवला तर चालवून घ्या.

आमच्या आइसलंडमध्ये झाडं कमी. लाकूड समुद्रच आणून देतो. मी कुठल्या मुलखात उगवले, ते मला ठाऊक नाही. लाटांनी मला आमच्या खोऱ्याच्या तोंडाशी आणून टाकलं आणि आउसग्रीमुर नावाच्या शेतकऱ्याने घोड्यावर लादून घरी नेलं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिच्या पलंगासाठी तो हिवाळाभर मला चाकूने कोरत बसला. 'इथे निजेल त्याला उजाडेपर्यंत सांभाळ', एवढीच ओळ त्याने कोरली. अक्षरं जरा तिरकी आली, पण हात प्रेमाचा होता. तो स्पर्श मी अजून विसरलेले नाही.

रात्री मला पलंगाच्या काठाशी उभी अडकवत, म्हणजे पांघरुणं आणि पोरं खाली पडत नसत. माझं खरं काम मात्र संध्याकाळी सुरू व्हायचं. बाहेर बर्फ आणि काळोख, आत गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांच्या भिंती, आणि एकाच खोलीत आपापल्या पलंगावर बसलेलं सगळं घर. कुणी लोकर पिंजतंय, कुणी सूत काततंय, कुणी विणतंय. हात रिकामे ठेवायची मुभा एकालाच, वाचणाऱ्याला. मला त्याच्या मांडीवर आडवी ठेवत, माझ्यावर पुस्तक आणि वर माशाच्या तेलाचा दिवा. वाचणारा थांबेपर्यंत कुणी उठायचं नाही, असा नियम होता. अगदीच कंटाळा आला तर माणूस "मेंढ्या बघून येतो" म्हणायचा आणि परत यायचाच नाही. वाचणाऱ्याचा याहून मोठा अपमान आमच्याकडे नव्हता.

आउसग्रीमुरचा नातू ओगमुंडुर हा माझा सगळ्यात लाडका वाचक. मी त्याला पांघरुणात मुततानाही पाहिलंय, म्हणून अरेतुरे करते. आठ वर्षांचा असतानाच तो असा वाचायचा, की कातणाऱ्या बायका श्वास घ्यायला विसरायच्या. गोष्टीत नवा माणूस आला की एखादी म्हातारी हटकायची, "थांब रे, हा कुणाचा?" मग ओगमुंडुर त्या माणसाचा बाप, आजा, शेत, सगळं सांगायचा. तेव्हा कुठे चरखा पुन्हा फिरायचा. माणूस कुणाचा ते कळल्याशिवाय त्याचं सुखदुःख कुणी मनावरच घेत नसे.

पुढे सिमेंटचं घर झालं. वीज आली, रेडिओ आला. सगळे रेडिओकडे तोंड करून बसू लागले आणि माझी रवानगी पडवीत झाली. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले. मेंढ्यांच्या पाठीवर लावायचा निळा रंग ओघळला आणि माझ्या 'सांभाळ' या शब्दावर साचला. मित्रांनो, कामाची वस्तू बिनकामाची झाली की तिला थंडी फार वाजते. त्या वर्षांबद्दल मी जास्त बोलत नाही.

मला तिथून बाहेर काढलं ते ओगमुंडुरच्या मुलीने, स्टेनवोरने. तिने मला घासूनपुसून राजधानीत, रेक्याविकला नेलं आणि माझ्यावर लॅपटॉप ठेवला. पहिल्या दिवशी त्याची ऊब लागली तेव्हा कुणीतरी तापलेला तवा ठेवला की काय, असं वाटून मी दचकले होते. स्टेनवोर लेखिका आहे. ती प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणते, कानाला रुचलं नाही तर खोडते. लहानपणी गवत कापताना बाप तिला जुन्या गोष्टी तोंडपाठ ऐकवायचा, तोच सूर तिच्या आवाजात आहे. पण ती लिहिते मात्र आजचं. विमानतळ, हॉटेलं, परक्या देशांतून आलेली माणसं. जुना सूर आणि नवी माणसं एकत्र नांदवणं सोपं नाही. ती ते करते, म्हणून माझा तिच्यावर जीव आहे.

तिचं पहिलं पुस्तक तिने बापाला वाचून दाखवलं, तेव्हा दुसऱ्याच पानावर तो उठला. "मेंढ्या बघून येतो," म्हणाला. ती जखम तिच्या मनात राहिली.

दुसरं पुस्तक पुरं झालं, तेव्हा तिला थोरदीस आत्याशी फोनवर बोलताना मी ऐकलं.

"आत्या, या वेळी बाबा अर्ध्यावरून उठले ना, तर मी हे छापायलाच देणार नाही."

"वेडी आहेस का गं? नाताळात भेट द्यायला लोक पुस्तकं शोधत असतात."

"लोक वाचतील गं. पण ज्यांचं ऐकून मी लिहायला शिकले, त्यांनाच ते घरचं वाटलं नाही, तर मी कुणाचं लिहितेय?"

शरद ऋतूत डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणतात, त्या दिवशी ती मला घेऊन खोऱ्यात आली. ओगमुंडुरला आता दिसत नाही. तरी दरवर्षी त्याला मेंढ्यांच्या गोल वाड्यात नेतात. तिथे मेंढीच्या कानावरची कापलेली खूण पाहून, ही कुणाची ते ठरवतात आणि तिला त्या शेताच्या कप्प्यात ढकलतात. तो बोटांनी कान चाचपतो. त्या दिवशी एक कोकरू असं निघालं, की त्याच्या कानावर खूणच नव्हती. असं कोकरू कुणा एकाचं नसतं. ते सगळ्या खोऱ्याचं होतं, असा आमचा जुना कायदा आहे.

संध्याकाळी मटणाचं सूप झालं. थोरदीस आत्या विणायला बसली. स्टेनवोरने मला मांडीवर घेतलं.

"बाबा, मी वाचणार आहे."

"त्या यंत्रावरून?"

"यंत्रावरून. पण फळीवर ठेवून."

ओगमुंडुरने हात पुढे केला. त्याची बोटं वेलीवरून फिरली, तिरक्या अक्षरांवर आली आणि निळ्या डागाशी थबकली. मला भरून आलं.

"ही कुठे मिळाली तुला?"

"तुमच्याच रंगाच्या डब्यांखाली."

तो नखाने डाग खरवडत राहिला. आत्या मात्र बोललीच. "दादा, आज मेंढ्या बघायला जायचं नाही हं. सगळ्या आत घातल्यात."

"तू विण गं मुकाट्याने."

स्टेनवोर वाचू लागली. तिच्या गोष्टीतली बाई हॉटेलच्या खोल्या आवरते. तिला आपलं गाव आठवत नाही, आईबाप आठवत नाहीत. थोडं वाचून होतं न होतं तोच ओगमुंडुरने हटकलं, "थांब. ही कुणाची?"

"कुणाची ते तिलाच ठाऊक नाही, बाबा."

"तिला नसेल. तुला असेल ना? लिहिणारी तू आहेस."

"मलाही नाही."

"मग मी कुणासाठी जीव टांगणीला लावायचा?" असं म्हणून त्याने काठीला हात घातला. आत्याच्या सुया मंदावल्या. पण स्टेनवोर थांबली नाही, वाचत राहिली. ती बाई एका परक्या पाहुण्याची चादर घालते, कडा गादीखाली खोचते आणि नकळत पुटपुटते, 'इथे निजेल त्याला उजाडेपर्यंत सांभाळ'.

काठी जिथल्या तिथे राहिली.

"ही ओळ तिला कुठून आली?" त्याने विचारलं.

"तिला माहीत नाही. एवढीच ओळ तिच्यापाशी उरलीय."

मग ओगमुंडुरने काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"कानावर खूण नाही म्हणतेस ना? मग ती सगळ्या खोऱ्याची. आमचीच झाली. वाच पुढे."

स्टेनवोर रडत रडत वाचत होती आणि आत्या डोळे पुसत, एकही टाका न चुकवता विणत होती. पुस्तक संपेपर्यंत ओगमुंडुर जागचा हलला नाही. इतकी वर्षं त्याला वाचताना मी ऐकलं होतं. तो ऐकतानाही तितकाच मोठा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी डब्यांखाली पडलं असेल. त्याला पॉलिश करून भिंतीवर टांगू नका, आम्हाला तिथे फार एकटं वाटतं. मांडीवर घ्या, त्यावर तुमचं नवं, आजचं लिहिलेलं ठेवा आणि घरातल्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आणि दुसरं कुणी वाचत असेल, तेव्हा मेंढ्या बघायला जाऊ नका.