रूथने कारण दिलं नाही

“‘मतदानाच्या दिवशी मी केस धुते,’” मार्नीने कागदावरून वाचलं आणि सगळी खोली खदखदून हसली.

हशा पिकणार हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिने ते वाक्य प्रबंधातल्या या प्रकरणाच्या अगदी तोंडाशी घातलं होतं. प्राध्यापक ग्रेडीसुद्धा चष्मा काढून हसत होते. कॉलेज मुळातच लहान, त्यात राज्यशास्त्राचा विभाग म्हणजे ग्रंथालयामागच्या चार खोल्या. शेवटच्या वर्षाची मुलं वसंतात आपापले प्रबंध सादर करत, तेव्हा विभागातले सगळे जमत, दूरदूरचे आईबाप येत, कॉफी आणि लिंबाचा केक असे. बाहेर मिनेसोटाचा बर्फ वितळून हिरवळीचा चिखल झाला होता. हसू ओसरायची वाट पाहत मार्नीने मान वर केली आणि शेवटच्या रांगेत तिला आई दिसली.

जोलीन हॅल्वर्सनही हसत होती. सगळ्यांच्या जोडीने, तोंडावर हात धरून.

“येऊ नकोस, फार लांब आहे, तुला कंटाळा येईल,” असं तिने फोनवर चारदा बजावलं होतं. “मी कशाला येतेय गं, माझी बस कोण चालवणार?” असं आईही म्हणाली होती. जोलीन गावच्या शाळेची पिवळी बस चालवायची. आज ती बस दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालून, चर्चला घालायचा निळा कोट चढवून, भल्या पहाटे निघून ती आली होती. गाडीच्या किल्ल्या अजून तिच्या मुठीतच होत्या.

प्रबंधाचा विषय होता लहान गावांतली गरीब माणसं मतदान का करत नाहीत. नाताळच्या सुट्टीत मार्नीने आपल्याच गावात फिरून मुलाखती घेतल्या होत्या आणि सगळ्यांची नावं बदलली होती. केस धुणाऱ्या बाईचं नाव तिने रूथ ठेवलं. रूथ म्हणजे आई.

आई तेव्हा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. केसांचं वाक्य ती पटकन बोलून गेली आणि स्वतःच हसली. मग बराच वेळ नुसते बटाटे सोलत राहिली आणि मान वर न करता म्हणाली, “त्या चर्चच्या तळघरातलं आठवतं का गं तुला? एडना लिंडग्रेनचं?”

न आठवायला काय झालं? मार्नी तिथेच होती, आईचा हात धरून उभी. वडील सोडून गेले ते वर्ष. भाड्याचं घर गेलं आणि मायलेकी मावशीच्या आवारात एका जुन्या कॅम्परमध्ये राहायला आल्या. पत्र्याची चाकावरची खोली ती. तिला पत्ता नव्हता, म्हणून मतदार यादीत नाव नव्हतं. पण नियम असा होता की त्या भागातल्या एखाद्या मतदाराने शपथेवर सांगितलं, या बाईला मी ओळखतो, ही इथेच राहते, तर मत देता येई. गावाचं मतदान चर्चच्या तळघरात होतं, आणि रांगेत ओळखीचीच माणसं होती. आईने एडनाला विचारलं, “एडना, तू ओळखतेस ना मला? एक सही देतेस?” एडना आणि ती कितीतरी वर्षं चर्चमध्ये एकाच बाकावर बसत होत्या. एडनाने पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधायला लागली. शोधतच राहिली. बाकीची रांग आपापल्या बुटांकडे पाहू लागली. आईने आणखी कुणाला विचारलं नाही. मार्नीला घेऊन ती पायऱ्या चढून बाहेर आली आणि मावशीला म्हणाली, “रांग फार मोठी होती.”

त्यानंतर जोलीन कधीच मत द्यायला गेली नाही.

आई सांगत गेली आणि बटाट्यांशेजारी ठेवलेल्या फोनवर हे सगळं रेकॉर्ड झालं होतं. मार्नीने ते उतरवूनही काढलं होतं. पण प्रबंधात तिने एवढंच लिहिलं: ‘प्रतिसादकाने ठोस कारण दिले नाही.’ कारण दिलं की त्याच्यामागून कॅम्पर आला असता, आणि कॅम्पर या कॉलेजात कुणाला माहीत नव्हता. पहिल्या वर्षी सगळे जण आपापल्या घरांविषयी बोलत होते तेव्हा तिने सांगून टाकलं होतं, “आमचं तळ्याकाठी छोटंसं घर होतं.” कॅम्परमागे पाणी साचायचं, एवढाच त्यात खरेपणा.

प्रश्न सुरू झाले. बोस्टनची फिबी, मार्नीच्या शेजारच्या खोलीत राहणारी, हात वर करून म्हणाली, “रूथ गोड आहे, पण खरं सांगू? मला राग आला तिचा. मत द्यायचं नाही आणि मग आमचं कुणी ऐकत नाही म्हणून रडायला हीच माणसं पुढे. लाज कशी वाटत नाही यांना?”

पुन्हा थोडे लोक हसले. ग्रेडी मात्र हसले नाहीत. “मार्नी, माणूस अशी चेष्टा करतो तेव्हा खाली बरेचदा काहीतरी झाकलेलं असतं. तिने खरंच काही कारण सांगितलं नाही?”

मार्नीची नजर मागच्या रांगेकडे जाऊ पाहत होती. तिने ती ग्रेडींच्या टायवर रोखून धरली.

“नाही सर,” ती म्हणाली. “तिला त्यात रसच नाहीये.”

जोलीनचं हसू थांबलं. मग तिने हळूच मान डोलावली, जणू कुणी तिलाच विचारलं होतं आणि तिचं तेच मत होतं.

टाळ्या झाल्या. मार्नी कशीबशी सुटका करून घेऊन धावत गाड्यांच्या आवारात आली. आई गाडीचं दार उघडत होती.

“आई! केक तरी खा की.”

“नको गं. दुपारच्या फेरीला वेळेत पोचले तर बरं. माझ्या जागी बस घेतलेला तो हँक पोरांवर ओरडतो.” मग तिने लेकीची कॉलर नीट केली. “छान बोललीस हं. एकदासुद्धा अडखळली नाहीस.”

“आई, मी ते…”

“सगळं थोडंच सांगायचं असतं? बरोबर केलंस तू. एवढ्या लोकांत.”

आईने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मार्नीला रडू फुटलं. “बरोबर नाही केलं. खोटं बोलले मी. मी बदलते ते. तू जे सांगितलंस ते सगळं लिहिते. लिहू?”

पलीकडून दोन बायका उंची कोट सावरत चिखल चुकवत चालल्या होत्या, त्या लांब जाईपर्यंत जोलीन थांबली.

“लिही,” ती म्हणाली. “मला चालेल. एडनाचं नाव मात्र बदल. म्हातारी झालीय आता.”

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी मार्नी डोळे पुसून आत गेली. ग्रेडी खिडकीपाशी कॉफी पीत उभे होते. “सर,” ती म्हणाली, “रूथने कारण दिलं होतं. मी गाळलं ते.” आणि तिने तळघर, रांग, पर्स, सगळं सांगितलं. फक्त हात धरून उभी असलेली मुलगी सांगितली नाही.

ग्रेडींनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे चमकले. “अगं, मग हाच तर तुझ्या प्रबंधाचा गाभा आहे! ही अनास्था नव्हेच. हा अपमान आहे. फारच सुंदर हाती लागलंय तुझ्या. ती बाई पुन्हा बोलेल का तुझ्याशी? आपण तिला इथे बोलावू या का?”

माणूस भला होता, मनापासून बोलत होता. पण मार्नीच्या डोळ्यांपुढे आई त्या लाकडी मंचावर निळ्या कोटात उभी राहिली, फिबी पहिल्या रांगेत, हातात केक. ‘सर, ती माझी आई आहे’ हे शब्द ओठांपर्यंत आले होते.

“ती बोलणार नाही आता,” मार्नी म्हणाली. “तिने नाही म्हटलंय. मी ते प्रकरणच काढून टाकते.”

“त्याने प्रबंधाचा कणाच जाईल. विशेष प्रावीण्य मिळणार नाही मग.”

“चालेल सर.”

प्रावीण्य हुकलं. त्याचं मार्नीला फारसं दुःख झालं नाही. उलट आपण आईसाठी काहीतरी सोडलं, असं तिने मनाशी धरलं, आणि त्या समजुतीवर ते काही आठवडे बरे गेले.

पदवीदानाला जोलीन तोच कोट घालून आली. समारंभ आटोपल्यावर म्हणाली, “तुझं पुस्तक दाखव की. ग्रंथालयात ठेवतात म्हणे.”

ग्रंथालयात त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. मार्नीने निळ्या बांधणीचा प्रबंध कपाटातून काढून दिला. जोलीनने खुर्ची ओढली, हात कोटाला पुसले आणि पहिल्या पानापासून पाहायला सुरुवात केली. बोट ओळींवरून फिरत होतं. ती वाचत नव्हती, शोधत होती. शेवटचं पान आलं. तिने पुन्हा मधूनच उघडलं.

“माझं कुठंय गं?”

“काढलं मी ते, आई. तुला उगाच त्रास नको म्हणून.”

“अस्सं.” जोलीनने प्रबंध मिटला. मिटल्यावरही त्याच्यावरचा हात काढला नाही. “मला आपलं वाटलं, पडद्यांचं लिहिलं असशील.”

“कसले पडदे?”

“कॅम्परमधले. मावशीकडून जुनी चादर आणून शिवले होते मी, हाताने. पिवळे. सकाळी ऊन आलं ना, की सगळी खोली अशी… तुझ्या तोंडावर यायचं ते. तुला नाही आठवत?”

मार्नीला पत्रा आठवत होता, साचलेल्या पाण्याचा वास आठवत होता, शाळेची बस यायच्या आत आवारातून पळत रस्त्यावर जाऊन उभं राहणं आठवत होतं. पडदे आठवत नव्हते.

“नाही गं,” ती म्हणाली.

“लहान होतीस,” जोलीन म्हणाली. “खिडकीही लहानच होती.” आणि तिने टेबलावर दोन्ही हात उभे धरून, जवळ आणत, किंचित लांब नेत, खिडकी केवढी होती ते दाखवलं.