शून्यापासून मोजलेली झाडे

"उठा, उठा. हाडं गंजतील," इव्हानो म्हणाला आणि त्याने घंटा वाजवली.

ती सायकलची घंटा होती. त्याच्या आईच्या जुन्या सायकलवरची. टेबलाच्या कडेला त्याने ती दोन स्क्रूंनी बसवली होती आणि दर चाळीस मिनिटांनी वाजवायचा. मग आम्ही पाचही जण संगणकाच्या पडद्यावरची नजर काढून उठायचो आणि खिडकीशी उभे राहायचो. बाहेर शेते, शेतांपलीकडे पाण्याची उंच टाकी, टाकीच्या उजवीकडे पॉपलरची चार झाडे आणि डावीकडे तीन.

"नजर टाकीवर," तो म्हणाला. "मान हलवायची नाही, बुबुळंही नाही. झाडं कडेच्या नजरेने मोजायची. किती?"

"सात," मी म्हणाले.

"सात," सामांता म्हणाली. "कालही सातच होती. एखादं पळून जाईल अशी भीती वाटते का रे तुला?"

"सहा," इव्हानो म्हणाला.

सगळे हसले. "परत शून्यापासून मोजलं ह्याने!"

आमच्या प्रोग्रामिंगच्या धंद्यात मोजणी शून्यापासून सुरू होते. सात पंप असतील तर पहिला शून्य क्रमांकाचा आणि शेवटचा सहा क्रमांकाचा. इव्हानो फेल्लोनी एकतीस वर्षे हेच करत आला होता. आमची जमीन समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहे. कालव्यांतले पाणी पंपांनी सतत उपसावे लागते, नाहीतर शेतांचा पुन्हा दलदलीचा मुलूख होईल. कोणता पंप कधी सुरू व्हावा आणि कधी थांबावा, हे ठरवणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता. पहिल्या कॉफीलाही तो 'शून्यावी' म्हणायचा. त्यामुळे 'सहा' हे उत्तर कुणाला खटकले नाही. मलाही नाही, आणि मी तर भौतिकशास्त्र शिकलेली बाई.

शरीर टिकवण्याचे त्याचे नियम ठरलेले होते. पडदा हातभर लांब. पाण्याचा ग्लास खोलीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे तहान लागली की उठावे लागते. टेबलावर खायचे नाही. चार शिंगांचा आमच्या गावचा पाव तो सायकलच्या बुट्टीतून आणायचा आणि दुपारी शहराच्या जुन्या तटबंदीवरच्या बाकावर बसून खायचा. सगळ्यांत मोठा नियम सायकल. तो राहायचा त्या पोंतेलागोस्कुरोहून शहरापर्यंत सहा किलोमीटर, जाऊन-येऊन बारा. मोटार चालवायला तो शिकलाच नव्हता.

"माझा पहिला साहेब खुर्चीतच गेला," तो सांगायचा. "दुपारी तीनला. पाच वाजेपर्यंत कुणाला कळलं नाही. नेहमी असाच बसायचा ना."

ऑक्टोबरमध्ये एकदा रात्रभर वारा वाहिला आणि सकाळी हवा धुऊन काढल्यासारखी झाली. टाकीवरची शिडीसुद्धा दिसत होती.

"किती?" इव्हानोने विचारले.

"सात."

"सात. आणि तुझी?" सामांताने विचारले.

"पाच," तो म्हणाला.

"आता काय, शून्याच्याही आधीपासून मोजायला लागलास?" सामांता म्हणाली.

तोही हसला. पण सगळे जागेवर परतल्यावरही त्याचा हात खिडकीच्या चौकटीवर तसाच राहिला.

मी टेबलाशी येऊन बसले आणि काम होईना. सात झाडे शून्यापासून मोजली तर सहा येतील, पाच कधीच येणार नाहीत. आणि मग मला आठवले की हा खेळ त्याने सुरू केला त्या दिवशी त्याचे स्वतःचे उत्तर 'सात' होते.

दुपारी मी त्याच्या मागोमाग तटबंदीवर गेले. तो पावाचे एक शिंग मोडत होता.

"समोर बघ. त्या दिव्याच्या खांबाकडे," मी म्हणाले. "पेन्सिल दिसली की सांग."

"नीव्हेस, जेवू दे ना मला."

"समोर बघ."

मी त्याच्या कानामागून, डाव्या बाजूने पेन्सिल हळूहळू पुढे आणू लागले. कानापाशी आली, गालापाशी आली. दोन सायकली घंटा वाजवत गेल्या. पेन्सिल जवळजवळ नाकासमोर पोचली तेव्हा तो म्हणाला, "आत्ता."

मी पेन्सिल बाकावर ठेवली.

"म्हणजे तू शून्यापासून मोजत नव्हतास."

"मला सहाच दिसायची," तो म्हणाला. "पहिल्यांदा सहा म्हणालो तेव्हा तुम्ही हसलात. वाटलं, बरं झालं. असंच राहू दे."

काचबिंदू होता. दवाखान्यात त्याला एका वाटोळ्या पांढऱ्या भांड्यात डोके घालून बसवले. ठिपका चमकला की बटण दाबायचे. त्याच्या मते त्याने पुष्कळदा दाबले. डावा डोळा जवळजवळ गेला होता आणि उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजूही, म्हणजे डावीकडचे सगळे जग. पण तिथे अंधार नव्हता, असे तो म्हणायचा. हे मला समजत होते. मेंदू रिकामी जागा रिकामी ठेवत नाही, शेजारचाच रंग पुढे ओढून घेतो. झाडाच्या जागी त्याला आकाश दिसत होते, अखंड आणि सुंदर.

"थेंब घातले की उरलेलं टिकेल," तो म्हणाला. "सायकल मात्र बंद म्हणाली डॉक्टरीणबाई. आजपासून."

"मग बसने ये."

"मार्चपर्यंत नाही. नोव्हेंबर लागला ना, धुकं येईल. धुक्यात कुणालाच कडेचं दिसत नाही. चार महिने मी तुमच्यासारखाच." त्याने माझ्याकडे मान पूर्ण वळवून पाहिले. हल्ली तो असाच बघायचा, इतके दिवस मला ते अगत्य वाटत होते. "तुझं घर माझ्या वाटेवरच आहे. तू पुढे चालव, घंटा वाजव. मी तुझ्या मागे."

नाही म्हणायला हवे होते. मी हो म्हणाले. का, ते मला नीट सांगता येत नाही. एकतीस वर्षे सकाळी सायकलवर बसलेला माणूस बसथांब्यावर उभा आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येईना, एवढेच.

धुके आले. पो नदीवरून उठून ते शेतांवर पसरले आणि मग कालवा कुठे संपतो, रस्ता कुठे सुरू होतो, हे केवळ चाकांना कळत होते. मी पुढे असायची. दहा पावलांवर जग संपायचे आणि आपण सरकू तसे तेही पुढे सरकायचे. मी घंटा वाजवली की मागून त्याची वाजायची. मध्येच समोरून तिसरी वाजायची, एखादा कोट, एखादी टोपी उगवायची आणि विरघळायची. घंटा थांबल्या की कालव्याकाठच्या पंपांची घरघर ऐकू यायची. ती त्याच्याच प्रोग्रामवर चालत होती. झोपेत पोहल्यासारखे वाटायचे. ऑफिसात शिरताना आमच्या दोघांच्या भुवयांवर दव असायचे.

"ह्या वर्षी धुकं जरा जास्तच चांगलं पडलंय," तो एकदा म्हणाला.

जानेवारीतल्या एका सकाळी तटबंदीच्या दाराशी डावीकडून घंटा ऐकू आली. मी थांबले. मागे ब्रेक करकरले आणि काहीतरी आपटले.

एक म्हातारी बाई आपली सायकल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. इव्हानोचे पुढचे चाक तिच्या कोटाला लागून थांबले होते. तिच्या पिशवीतली संत्री रस्त्यावर घरंगळत होती.

"तोंडासमोर घंटा वाजवतेय मी!" ती ओरडली. "आंधळा आहेस का रे?"

इव्हानो सायकलवरून उतरला. त्याचा चेहरा धुक्याच्या रंगाचा झाला होता.

"हो, बाई," तो म्हणाला. "पूर्ण नाही अजून. तुमच्या बाजूचा."

मी संत्री गोळा करू लागले. इव्हानोही वाकला. डावीकडे पडलेले एक त्याला सापडेना, म्हातारीने ते छत्रीच्या टोकाने त्याच्याकडे ढकलले.

"लागलं का तुम्हाला?" त्याने विचारले.

"कोटाला लागलं. कोट माझ्याहून म्हातारा आहे." तिने त्याच्याकडे निरखून पाहिले. "मग वर बसतोस कशाला?"

"एकतीस वर्षं बसतोय."

"मी चौसष्ट वर्षं बसले. गुडघे गेल्यापासून नाही बसत. म्हणून काय घरी ठेवू हिला? हातात धरून चालते. पिशवी ती उचलते, तोल ती सांभाळते. काठी घेऊन हिंडले तर लोक म्हातारी म्हणतील ना." तिने एक संत्रे त्याच्या बुट्टीत टाकले. "तुला दिसत नाही त्या बाजूला धर. धडक बसली तर आधी तिला बसेल."

ती धुक्यात गेली. तिची घंटा बराच वेळ वाजत राहिली.

इव्हानो सायकलच्या उजवीकडे येऊन उभा राहिला. डावा हात त्याने सीटवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"तू पुढे जा," तो मला म्हणाला. "मला उशीर होईल."

"मी पण चालते."

"नको. उद्यापासून लवकर निघेन. तुझी घंटा नको आता मला."

त्या दिवशी तो पाऊण तास उशिरा आला. हात पुसून त्याने टेबलावरची घंटा वाजवली. खिडकीत नुसते पांढरे होते, तरी आम्ही उभे राहिलो. तिथेच त्याने सगळ्यांना डोळ्यांचे सांगितले. सामांता नंतर जिन्यात जाऊन रडली.

मार्चमध्ये धुके उठले. एका सकाळी मी लवकर पोचले. सामांता आधीच आली होती, कॉफी करत होती. मी खिडकीशी गेले आणि सवयीने नजर टाकीवर ठेवली. उजवीकडे चार. डावीकडे तीन. आणि त्या तिघांच्याही पलीकडे, नजरेच्या अगदी काठावर, पोंतेलागोस्कुरोच्या रस्त्याला लागून काहीतरी उभे आणि बारीक, फार हळू सरकत होते.

मी बुबुळे हलवली नाहीत.

"किती?" सामांताने मागून विचारले, थेट इव्हानोच्या आवाजात.

"आठ," मी म्हणाले.

"शून्यापासून?"

"नाही. एकपासून."