हात मोकळे असतील तर

"मागं सरू बाई, मागं सरता पुढं आलो,
हिरवा शालू आम्ही शेताला नेसवून गेलो..."

अनसूयाकाकूचा हा आवाज संपदाच्या कानात लहानपणापासून राहिलाय. रोह्याजवळच्या गावी भात लावताना बायकांची ओळ वाकून मागे मागे सरकायची. बांधावर छत्री धरून शेताचा मालक ओरडायचा, "आटपा, आटपा!" त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नसे. काकूनं गाणं उचललं, की मात्र सगळ्या ओळीची बोटं एकदम चिखलात उतरायची.

"काकू मालकीण आहे का गं?" संपदानं आईला विचारलं होतं. आई नुसती हसली होती.

आता भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात संपदा स्वतःच बांधावर उभी होती. छत्री तेवढी नव्हती.

गाळा स्टीलच्या डब्यांचा. धुऊन आलेले डबे पहिल्या टेबलावर पुसायचे, दुसऱ्यावर झाकणं बसवायची, तिसऱ्यावर खोक्यांत भरायचे. संपदा सुपरवायझर म्हणून नवीनच लागली होती. नवऱ्याची नोकरी सुटलेली, सिल्व्हर पार्कातलं घर तिच्या एकटीच्या पगारावर. शशिकांतशेठनी तिला गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, "दिवाळीचा माल शनिवारी निघाला तर खुर्ची पक्की. नाहीतर दुसरं कुणी बघावं लागेल, मॅडम. राग मानू नका."

पहिल्याच दिवशी तिला दिसलं, की बायका सारख्या उठतात, या टेबलावरून त्या टेबलावर जातात, बोलत बसतात. तिनं नियम केला. "आपापली जागा सोडायची नाही."

सगळ्यांच्या नजरा वासंतीताईंकडे गेल्या. वासंतीताई झाकणांच्या टेबलावरच्या, रत्नागिरीकडच्या, बुटक्या, गाळा उघडला तेव्हापासूनच्या. कुणाच्या वरच्या नाहीत, कुणाच्या साहेब नाहीत. त्यांनी मान हलवली आणि स्टुलावर बसल्या. मग सगळ्या बसल्या.

नियम अगदी काटेकोर पाळला गेला, आणि कामाचा जीव गेला.

शनिवारी दुपारी पुसायच्या टेबलावर डब्यांचा डोंगर झाला होता. झाकणवाल्या झाकणं हातात धरून बसलेल्या. खोकी भरणाऱ्यांचे हात मांडीवर.

"मॅडम, आम्ही जागेवरच आहोत हां," खोकी भरणारी दुर्गा ओरडली. "कॅमेऱ्यात बघून घ्या, हललो असू तर!"

बायका खुसखुसल्या. संपदाला तेव्हा कळलं. त्या उठायच्या ते गप्पांसाठी नव्हे, जिथे काम तुंबलंय तिथे जाऊन बसायच्या. तुंबलेलं पाणी हातानं वाट करून द्यावं, तसं. आणि तिनंच ती वाट बुजवली होती. पण बोललेलं मागे घेतलं तर उद्या कोण ऐकणार? बाहेर टेम्पो उभा. दारात शेठ, कपाळाला आठी.

तेवढ्यात वासंतीताई उठल्या.

संपदाला वाटलं, शेठच्या देखत ही नियम मोडणार. संपलं आपलं.

वासंतीताईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग बायकांकडे. आवाज चढवला नाही. "काय गो, ऐकलंत ना? मॅडम सांगतायत, ज्यांचे हात मोकळे असतील त्यांनी पुसायला या."

संपदा एक अक्षर बोलली नव्हती.

आणि गाळा हलला. वारा नसताना शेत हलावं तसा. स्टुलं सरकली, पदर खोचले गेले, फडकी हातोहात फिरली. कुणी कुणाला तू इथे, तू तिथे म्हटलं नाही. वासंतीताई स्वतः सगळ्यांत मागे, ओल्या डब्यांच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुमचे पण हात मोकळेच दिसतायत!" दुर्गा म्हणाली. हशा उठला. वासंतीताईंनी न बघता थोडं सरकून जागा केली. संपदानं फडकं घेतलं.

बांधावरून जे दिसत नव्हतं ते आता कोपराला कोपर लागल्यावर दिसायला लागलं. शेजारची पोरगी दमली, तर वासंतीताई तिचा अर्धा ढीग हळूच आपल्याकडे ओढत. कुणी कुणावर खेकसली, तर तिलाच लेकीच्या परीक्षेचं विचारत, आणि खेकसणं विरून जाई. हुकूम एकही नाही. संपदाच्या अंगावर काटा आला. देवळात जाऊनसुद्धा इतकं गप्प व्हावंसं तिला कधी वाटलं नव्हतं.

उजेड असतानाच टेम्पो निघाला. "भारी डोकं चालवलंत, मॅडम," शेठ म्हणाले. "खुर्ची तुमची." संपदानं बोलायला तोंड उघडलं, पण वासंतीताईंनी हलकेच मान हलवून नको म्हटलं.

नळावर वासंतीताई फडकी धूत होत्या. संपदा शेजारी जाऊन उभी राहिली.

"ताई, मी तसं म्हणाले नव्हते."

"ठाऊक आहे."

"मग माझं नाव का घेतलंत? तुम्ही नुसत्या उठला असतात तरी सगळ्या आल्या असत्या."

"आल्या असत्या. पण सोमवारी तुमचं कुणी ऐकलं नसतं. घर चालवताय ना तुम्ही?"

संपदाचे डोळे भरले. "तुमच्यासारखं माणूस मी बघितलं नाही हो. तुम्हाला खुर्ची लागतच नाही."

वासंतीताईंचा हात थांबला. फडकं पिळता पिळता तसंच मुठीत राहिलं.

"शेठही हेच म्हणाले होते. वासंतीबाईंना कशाला खुर्ची, त्यांचं तसंही सगळे ऐकतात." त्यांनी नळ बंद केला. "तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मी चांगली साडी नेसून आले होते, मॅडम. वाटलं, आज बोलावतील. पोरी विचारत होत्या, काय गं ताई, लग्नाला का? मी म्हटलं, हो, लग्नाला."

त्या संपदाकडे वळल्या.

"मला हवी होती ती खुर्ची. अजूनही हवी आहे."