निळ्या चिठ्ठीच्या कुंड्या

"मावशी, निळ्या चिठ्ठीच्या कुंड्या तुम्हीच धुतल्यात ना?"

मॅडमनी दारातूनच विचारले आणि मावशींच्या हातातली कुंडी टबाच्या काठावर आपटली. संशोधन केंद्राच्या मागच्या शेडमध्ये मावशी सोयाबीनची मुळे धुऊन काढत. माती पाण्यात सैल करायची, चाळणीवर सोडायची आणि केसासारखे धागे चिमट्याने वेचून ट्रेमध्ये ठेवायचे. पुढे ती मुळे वाळवून मॅडम त्यांचे वजन करत.

"मीच. का हो?"

"काही नाही. आकडे जुळत नाहीयेत. दुपारी बसू जरा."

ते 'काही नाही' मावशींना खरे वाटले नाही. त्यांच्या आधीच्या बाईला मुळे गटारात सोडली म्हणून काढून टाकले होते. आणि मावशींना हल्ली धागे दोन-दोन दिसत. हे फक्त लेकीला ठाऊक होते. घरी ती रोज मागे लागे.

"अगं आई, सांगून टाक ना मॅडमना."

"सांगते! आणि उद्यापासून घरी बसून तुझी बोलणी खाते."

तेवढ्यात शेडमध्ये माळीबुवा नव्या कुंड्या घेऊन आले. "चेहरा का उतरलाय? मुळं काही बोलली की काय?"

"तुम्ही कुंड्या ठेवा आणि सुटा."

निळ्या चिठ्ठीच्या कुंड्यांत मुळे नेहमी कमी निघत. ती आपल्याच हातून वाहून जातात, अशी मावशींची खात्री पटली होती. त्यांनी हात सावकाश चालवून पाहिला, तरी कमीच. मग यंदा टबाच्या तळाशी साचलेले, कुठल्या कुंडीचे ते न कळणारे धागे त्या निळ्या कुंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवू लागल्या. तेही पुरेनात, तेव्हा शेजारच्या ट्रेमधली चिमूटभर. याला लबाडी म्हणावे असे त्यांना कधी वाटले नाही. सांडलेले जागेवर ठेवावे, तसे ते होते.

दुपारी मॅडम स्टूल ओढून समोर बसल्या. "गेल्या हंगामात निळ्यांची मुळं निम्मी होती. यंदा बाकीच्यांइतकीच भरताहेत. असं कसं होईल?"

मावशींनी सगळे सांगितले, डोळ्यांचेही. मॅडमनी चाळणी बाजूला सरकवली.

"निळ्या कुंड्या ज्या काचेच्या खोलीत वाढतात ना, तिथे आम्ही ओझोन सोडतो. गाड्यांच्या धुरावर ऊन पडून बाहेर तयार होतो, तोच. त्यानं पानं आतून भाजतात. मग झाड हवेतून कार्बन घेतंच कमी, आणि घेतलेल्यातला बराचसा पानांच्या डागडुजीत जातो. खाली मुळांना काय उरणार?"

"म्हणजे ती कमीच असायची?"

"तेच तर मोजायचं होतं. रंगाचा अर्थ तुम्हाला मुद्दाम सांगितला नव्हता. हात कुठं झुकू नये म्हणून."

"आणि झुकलाच की हो."

"यंदाची मापं टाकून द्यावी लागतील. वर कळवावंही लागेल मला, मावशी. मी खोटं नाही बोलू शकत."

"बोलूच नका. पण माझं काम..."

मॅडमनी कोपऱ्यातली शेवटची निळी कुंडी उचलली, चाळणीखाली दाट विणीचे पांढरे कापड ताणून बांधले. "ही माझ्यासमोर धुवा. काही निसटलं तर कापडावर सापडेल."

मावशींनी कुंडी पाण्यात उतरवली. माती विरघळून गेली. चाळणीवर मुळांचे जेमतेम एक गुंतवळ उरले. मॅडमनी खालचे कापड सोडून उजेडात धरले, बोटाने गाळ चोळून पाहिला.

"एकही मूळ सुटलेलं नाही."

मावशींनी चष्मा बाहीने पुसला आणि ते कापड स्वतःच्या हातात घेतले. गाळ होता, दुसरे काही नव्हते.

मग त्यांनी चिमट्याने ते गुंतवळ उचलून ट्रेच्या मधोमध ठेवले. जास्त दिसावे म्हणून पसरले नाही. उरलेला ट्रे रिकामाच राहू दिला.