अडीचवाला

आमच्या यांना साधी गोष्ट साधेपणानं सांगता येत नाही. मशीनला तेल हवं असलं तर हे म्हणणार, "स्नेहनाचा अभाव आहे." गिऱ्हाइकाला वाटतं, मशीन आता काही वाचत नाही. मग मला काउंटरवरून ओरडावं लागतं, "अहो ताई, तेल घालायचंय नुसतं!"

शिवणाची मशीनं दुरुस्त करायचं आमचं दुकान. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं. एकतीस वर्षं यांनी दुरुस्ती करायची आणि मी काउंटर सांभाळायचा. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र गिऱ्हाइकं आटली. नवी माणसं सगळं फोनवर शोधतात, आणि फोनमध्ये आम्ही नव्हतो. अशात एक हॉटेलवाला आला. यांनी हौसेनं जमवून चालती केलेली तेवीस जुनी मशीनं त्याला हवी होती, फळ्या आणि हत्यारांसकट. कशाला, तर लोखंडी पायांची टेबलं करायला आणि बाकीचं भिंतीवर टांगायला!

हे म्हणाले, "दोन महिने थांबा." मग मला म्हणाले, "वेबसाइट करू. दोन महिन्यांत ती बघून एक जरी मशीन आलं, तर दुकान ठेवायचं. नाही तर देऊन टाकू. मी बसेन आपला घरात."

यांचं घरात बसणं मी एकदा पाहिलंय. हात मोडला होता तेव्हा. सहा आठवडे खिडकीशी बसून होते आणि तेवढ्यात दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं.

माझी भाची याच कामात आहे. तिनं एका सुट्टीत वेबसाइट उभी केली आणि जाताना म्हणाली, "मजकूर काका लिहितील." तिथंच घोळ झाला. यांनी तीन दिवस खपून लिहिलं, 'शिवणयंत्रांचे शास्त्रोक्त परीक्षण व अंतर्गत यंत्रणेचे समायोजन.' वाचून मलाच कळेना, हे दुकान आहे की इस्पितळ. सोबत यांचा एक फोटो, भिंग डोळ्याला लावलेला. फोटो मात्र झकास होता.

मग यांनी फोनवर दुकानाचं नाव टाकून शोधलं. आमची वेबसाइट सगळ्यात वर! "पहिला नंबर!" म्हणत हे शेजारच्या न्हाव्याला दाखवून आले. अहो, ज्याला दुकानाचं नाव माहीत आहे, त्याला दुकानही माहीत आहे. पण यांचा चेहरा इतका फुलला होता की मी जीभ आवरली. मला ते फारसं जमत नाही.

भाचीनं एक पान दाखवून ठेवलं होतं. रोज किती जण वेबसाइटवर आले, कधी आले, काय वाचलं, सगळं त्यावर दिसायचं. यांचा स्वतःचा फोन तिनं मोजणीतून वगळला होता. पहिला दिवस शून्य. दुसरा शून्य. आठ दिवस शून्य. नवव्या दिवशी यांनी सकाळी मशीनं पुसलीच नाहीत. खिडकीशी जाऊन बसले.

दुपारी जेवणानंतर यांचा डोळा लागला, तशी मी आतल्या खोलीत गेले आणि माझ्या फोनवर वेबसाइट उघडली. अडीच वाजले होते.

संध्याकाळी हे ओरडले, "अगं, एक जण आला! दुपारी अडीचला! सगळी पानं वाचली!"

"बघा," मी म्हटलं. "मी सांगत नव्हते?"

त्यानंतर मी रोज अडीचला जायची. यांनी त्या माणसाचं नावच अडीचवाला ठेवलं. जेवताना त्याच्याच गप्पा. "बिचारा दुपारच्या सुट्टीत बघत असेल. मशीन आणावं की नाही, मन ठरत नाही त्याचं." एकदा म्हणाले, "आज अडीचवाला माझ्या फोटोवर चार मिनिटं थांबला. एवढं काय बघत असेल गं?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं आणि भांडी घासायला उठले. इश्श, या वयात कान तापले माझे.

पाचव्या आठवड्यात भाची आली. तिनं ते आकड्यांचं पान पाहिलं आणि माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं. "मावशी, अडीचवाला तूच ना?"

"हळू बोल! त्यांना कळलं तर हाय खातील."

"अगं, पण खरं कुणीच येत नाहीये." ती ओट्याला टेकली. "काकांनी लिहिलेले शब्द जगात कुणी शोधतच नाही. लोक दुकानात आले की काय म्हणतात?"

मी फळीवरून बिस्किटांचा मोठा डबा काढला. मशीन आलं की त्याला पुठ्ठ्याचं लेबल बांधायचं काम माझं. त्यावर यांना बिघाडाचं नाव हवं असायचं. मी लिहायची गिऱ्हाइकाचे शब्द, जसेच्या तसे. यावरून आम्ही एकतीस वर्षं भांडतोय. मशीन परत गेलं की लेबल मी डब्यात टाकायची. फेकवत नाही मला काही.

भाची वाचायला लागली. 'वरून शिवण छान, खाली दोऱ्याचं घरटं.' 'जाड कापड दिसलं की अडून बसतं.' 'रोज एक सुई खातं.' 'सासूबाई गेल्यापासून चालत नाही.'

"मावशी, लोक फोनवर हेच तर लिहितात! बिघाडाचं नाव कुणाला ठाऊक असतं? त्रास तेवढा ठाऊक असतो."

पण यांना पटेल तर शपथ. "माझं लिहिलेलं काढून हिची बडबड लावायची? दुकानाची काही अब्रू आहे की नाही?"

मग माझा तोल गेला. "अब्रू भिंतीवर टांगायला निघालीय तुमची! एकतीस वर्षं लोकांनी त्यांचं दुखणं मला सांगितलंय आणि मी ते लिहून ठेवलंय. एकदा वाचून तरी बघा!"

हे डबा घेऊन बसले आणि अख्खा दिवस लेबलं वाचत राहिले. मध्येच हसायचे. "हे निळं मशीन आठवतं? त्यात उंदरानं संसार मांडला होता." संध्याकाळी भाचीला म्हणाले, "घे लिहून."

एकेका तक्रारीचं एकेक पान झालं. वर गिऱ्हाइकाचे शब्द, खाली यांचं उत्तर, घरी काय करून बघायचं ते. यांनी कुरकुर केलीच, "घरच्या घरी सुंठीवाचून खोकला गेला, तर इथं येईल कोण?"

"ज्यांचा जात नाही ते येतील," भाची म्हणाली. "पण काका, शोधयंत्राला ही पानं सापडायला वेळ लागतो. दोन-तीन आठवडे तरी."

हॉटेलवाल्याचे तीनच आठवडे उरले होते. शोधयंत्राला काय, त्याला थोडंच ठाऊक की आमच्याकडे मुदत चाललीय! मी रोज अडीचला जातच होते. दुसरं काय करणार?

ठरल्या दिवशी हॉटेलवाला मोजपट्टी घेऊन हजर. पहिल्या फळीची मापं घेतली, दुसरीची घेतली. हे पाठ फिरवून उभे होते. तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. शिवणवर्ग चालवणाऱ्या एक बाई होत्या.

"तुम्ही लिहिलंय ना, खाली दोऱ्याचं घरटं? अगदी तस्संच होतंय हो! तुम्ही सांगितलेलं सगळं करून पाहिलं. वर्गातली तीन मशीनं आहेत. आत्ता आणली तर चालतील?"

मी फोन यांच्या हातात दिला. यांनी ऐकलं, भिंग खिशातून काढलं आणि म्हणाले, "या. तेल घालायचं असेल नुसतं."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा! मी पदरानं डोळे पुसले, लपवले नाहीत. हॉटेलवाल्याला यांनी स्टुलावर बसवलं. बाई आल्यावर तासभर बिचारा बॅटरी धरून बसला आणि जाताना म्हणाला, "माझ्या आईचंही एक मशीन पडून आहे, आणू का?"

आता त्या पानावर आकडा कधी साठ असतो, कधी नव्वद. फोन थांबत नाही. दुपारी मला फुरसत कुठली? अडीचची फेरी आपोआप बंद पडली.

परवा जेवताना हे ताटात बघतच म्हणाले, "एवढे लोक येतात, पण अडीचवाला येईनासा झाला."

"असेल कामात."

"हं. भेटला तर सांग त्याला, फोटो बदललाय."

मी वर बघितलं. हे शांतपणे घास चावत होते. लबाड कुठले!

अडीच वाजता भांडी तशीच टाकून मी आत गेले आणि फोन उघडला. फोटोत हे नव्हतेच. काउंटरमागे मी होते, हातात लेबल, कपाळाला आठ्या, कुणावर तरी ओरडत असलेली. खाली यांच्या त्या शास्त्रोक्त भाषेत लिहिलं होतं, 'प्रमुख, निदान विभाग.'

बाहेरून हाक आली, "अगं, चहा टाकतेस ना?"

"थांबा," मी म्हटलं. "चार मिनिटं."